घासलेली जागा

— आणि खाली सही कुणी करायची? तू. बापाची का नाही? बाप पुण्याला जाऊन बाल्कनीत बसला आणि मुलगी इथं सह्या करतीय – बरं आहे. नाही नाही, वाचत राहू नकोस, मला इंग्लिश कळत नाही, चौथीपर्यंत गेलेला माणूस मी. मराठीत सांग काय लिहिलंय. 'माझ्या आजोबांनी' – हं – 'ब्रह्मदेशच्या लढाईत' – बरं – 'समोरासमोरच्या झटापटीत शत्रूच्या हातून हिसकावून घेतलेली ही रायफल'. झटापटीत. कुणाचा शब्द हा? बापानं व्हॉट्सॅपवर पाठवला? तेच म्हटलं, विजयकुमारचाच असणार, तो दहावीला निबंधात पहिला आला होता, मला चार वेळा सांगितलंय त्यानं. बस तू. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय गेलाय, इकडं खोक्यावर बस. एसी गळतोय तिकडं लक्ष देऊ नकोस, तो तुझ्या जन्माच्या आधीपासून गळतोय. आणि बंदूक अशी बाळासारखी छातीशी धरू नकोस, ठेव टेबलावर. मेलेली आहे ती. नळीत लोखंड भरून वेल्डिंग केलंय, पोलिसाचा कागद आहे. चावत नाही.

तर चार वाजता नीरव शेठ ही बंदूक विकत घ्यायला येणार, बघणार, तू सही केलेली चिठ्ठी घेणार, आणि मी लाकडी पेटीचं माप घ्यायचं आणि जरा पॉलिश मारून ठेवायचं. एवढंच ना? ओके ओके म्हणू नकोस, हो म्हण. दुबईत वाढलेली तुम्ही पोरं – मी मराठीत विचारतो, तुम्ही इंग्लिशमध्ये मान हलवता.

तुला माहिताय हे बंदुका जमवणारे काय असतात? तुला काय माहीत असणार, तू बँकेत कॉम्प्युटरसमोर बसतेस. मी चाळीस वर्षं बघतोय. रास अल खोरला या गाळ्यात सगळे येतात – गोरे येतात, अरब येतात, आता आपलेही यायला लागलेत. दांड्याचं लाकूड फुटलं तांबट, पट्टा सुटला तांबट, काचेची पेटी कर तांबट. आणि प्रत्येकाची बंदूक कुणीतरी म्हाताऱ्यानं लढाईवरून घरी आणलेलीच पाहिजे. दुकानातली चालत नाही. तशीच्या तशी, त्याच कारखान्याची, त्याच सालची दुकानातली असली तर नाक मुरडतात. म्हाताऱ्यानं आणलेली पाहिजे, आणि म्हातारा मेलेला पाहिजे, म्हणजे विचारायला नको, आणि त्याच्या नातवाची सही पाहिजे. एक गोरा होता जुमेराला, त्याच्या बंदुकीच्या दांड्यावर सात खाचा होत्या. सात माणसं मारली म्हणून सात खाचा, असं पाहुण्यांना सांगायचा, डोळे मिटून. मी भिंगातून बघितल्या. करवतीचा मार होता तो. कुणीतरी बंदूक आडवी टेकवून तिच्यावर लाकूड कापलं होतं, सरपण. मी सांगितलं त्याला? कशाला सांगू? मला पेटीचे पैसे मिळाले, खलास.

आणि हातमोजे घालतात. पांढरे. सुट्टीच्या दिवशी एकेकाच्या घरी जमतात, खजूर खातात, अरबी कॉफीचे, त्या कहाव्याचे कप फिरवतात आणि पांढरे हातमोजे घालून एकमेकांच्या बंदुका उचलतात, नवरीचा हात धरल्यासारख्या. जो ती घेऊन चिखलात पडला होता त्याच्या पायात धड बूट नव्हते, आणि यांना हाताला तेल लागलेलं चालत नाही. तुझा नीरव शेठ – बावीस आहेत त्याच्याकडं. सुरतेचा माणूस, फरशांचा धंदा. लहानपणी दिवाळीत फटाक्याची माळसुद्धा गड्याकडून पेटवून घेतली असेल त्यानं. आणि बोलतो कसा – 'तांबटभाई, इस में खून की खुशबू है.' मी म्हटलं शेठ, ते घासलेट आहे, मीच पुसलंय काल.

हसू नकोस. तुझा बाप काय वेगळा होता? अल मनखूलच्या त्या दोन बेडरूमच्या घरात, जिथं कपाट उघडलं की पलंगाला लागायचं, तिथं त्यानं हॉलची अख्खी भिंत या एका बंदुकीला दिली होती. देव कुठं होते तुमच्याकडं आठवतं का? किचनमध्ये, मिक्सरच्या वर.

बरं, इकडं ये. तुला दाखवतो नीरव शेठ आधी काय बघणार ते. नळीच्या मुळाशी, हे इथं, माथ्यावर – फूल दिसतंय? शेवंतीचं. मोज पाकळ्या. सोळा. जपानच्या राजाची खूण ती. त्याच्या प्रत्येक बंदुकीवर असायची, म्हणजे शिपायाच्या हातात बंदूक असली तरी मालक राजा. मग राजा हरला. सगळ्यांनी बंदुका जमा करायच्या असा हुकूम निघाला. तेव्हा त्या शिपायांनी काय केलं, की देण्याआधी ते फूल घासून टाकलं – राजाची खूण परक्याच्या हातात जायला नको म्हणून. म्हणून या जमवणाऱ्यांचा हिशेब सरळ आहे. फूल शाबूत असेल तर बंदूक लढाईत हिसकावलेली, मर्दाची. फूल घासलेलं असेल तर शरण आलेल्याची, ढिगातनं उचललेली – तिच्याकडं बघतसुद्धा नाहीत, बायकोच्या गरीब भावाकडं बघतात तसं बघतात.

अंगठा फिरव. फिरव की. गुळगुळीत आहे? खळगा नाही लागत? नाहीच लागणार. नीरव शेठलाही लागणार नाही. शारजाचा तो म्हातारा अरब, ज्याच्या बापजाद्यांपासून बंदुका आहेत, त्यानं चष्मा काढून, जीभ दातांत धरून अंगठा फिरवला, त्यालाही लागला नाही. माशाल्ला म्हणाला.

काय? खळगा का लागला असता? – असंच म्हटलं. बोलण्याच्या ओघात. तू माप लिहून घे, लांबी एकशे अठ्ठावीस –

अशी बघू नकोस. आजोबांचेच डोळे आलेत तुला, असे लावून ठेवायचे माणसावर. बरं, ऐक. नाहीतरी मी आता पंचाहत्तरीचा, या डिसेंबरात व्हिसा संपला की गाळा बंद. ऐकायचंच आहे तर नीट ऐक, मध्ये मोबाइल बघायचा नाही.

माझं मूळ काम माहिताय? भांड्यांवर नावं घालायचं. कराडला भांडीवाल्याच्या ओट्यावर बसायचो, सातव्या वर्षापासून. लग्नाचा सीझन आला की पाठ मोडायची. पातेलं, घागर, ताट, तांब्या – आणि वर 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट'. शाळा सुटली पण अक्षर असं यायचं की मास्तरही आपला डबा माझ्याकडं आणायचे. आता भांडं मामानंच दिलं का काकाच्या घरातनं ढापलं, हे मी विचारायचो का? ज्यानं सांगितलं त्याचं नाव घालायचं. एकदा एकाच कळशीवर मी दोन वर्षांत तीन नावं घातली, आधीचं घासून वर दुसरं. मला काय त्याचं? माझा हात चोख पाहिजे, नावाचं खरंखोटं ज्याचं त्यानं बघावं. हे मी आयुष्यभर असंच म्हणत आलोय. तुझा बाप पंधरा-सोळा वर्षांमागं ही बंदूक चादरीत गुंडाळून इथं घेऊन आला, तेव्हाही असंच म्हटलं.

फूल नव्हतं तिच्यावर. घासलेलं होतं. बोटाएवढी चपटी जागा, जरा खोलगट, कानशीचे ओरखडे सगळे एकाच दिशेनं. तुझा बाप म्हणाला, तांबटकाका, तुम्ही भांड्यावर नाव घालता ना, मग इथं एक फूल घाला. जमवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये घेत नाहीत, घासलेली आहे म्हणतात. मी म्हटलं वडिलांनी कशी आणली? तर म्हणाला, ते जाऊ दे हो काका, ते तिकडं खेचरं हाकत होते, ते कोणाला सांगू मी? खेचरं. एवढं म्हणून तो इकडंतिकडं बघायला लागला, गाळ्यात कुणी ऐकलं तर नाही ना. शेजारचा पठाण वेल्डर होता फक्त, त्याला मराठीचा म सुद्धा येत नाही.

अकरा दिवस लागले. पठाणाकडून जागा भरून घेतली, थेंब थेंब करून, मग पातळीला आणली, मग कोरणी. एकेका पाकळीला दोन दोन तास. भिंग लावून, श्वास धरून. पाकळीचं टोक गोल पण मधली रेघ सरळ, आणि सोळाच्या सोळा सारख्या, एक जरी जाड झाली तरी फुलाचं भजं होतं. मग आच देऊन, तेल देऊन बाकीच्या लोखंडासारखं काळं केलं. पोरी, मी हजारो भांडी केली, आणि लोकांनी ती मोडीत घातली, वितळवली. हे फूल मात्र – जाऊ दे. झालं फूल. तुझा बाप नाचायचा बाकी होता.

मग तुझे आजोबा आले. अण्णा. व्हिजिट व्हिसावर, शहाऐंशीचा म्हातारा, एसी सोसत नाही म्हणून स्वेटर घालून फिरायचा दुबईत. त्या दिवशी तुमच्याकडं बारा-पंधरा माणसं होती, जमवणारीच, हातमोजेवाली. मी काचेचा दरवाजा बसवायला आलो होतो, स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात. तुझ्या बापानं सुरू केलं, इंग्लिशमध्ये, असा हात करून – झटापट. अण्णांना इंग्लिश कळत नव्हतं पण हात कळत होता. ते उठले, आले, मला म्हणाले काच काढ. मी काढली. त्यांनी माथ्यावर अंगठा ठेवला. ठेवला तो ठेवलाच. एका गोऱ्या बाईनं डोळे पुसले, तिला वाटलं म्हाताऱ्याला लढाई आठवली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अण्णा आत जाऊन झोपले, जेवले नाहीत. तुझी आई अनुपमा ताट घेऊन दाराशी उभी होती, मी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी इथं आले. टॅक्सी करून. तुला घेऊन आले होते, बापाला सांगितलं नातीला आइस्क्रीम देतो. तू होतीस. त्या दाराशी बसून आईच्या मोबाइलवर ते सापाचं गेम खेळत होतीस. नाही आठवत? तुम्हाला काय आठवणार, साप आठवत असेल.

चादरीतनं बंदूक काढली त्यांनी, ठेवली तिथंच, आता आहे तिथं. म्हणाले, हे तू केलंस? मी म्हटलं हो. मला वाटलं हात चांगला आहे म्हणतील. मग बोलले. म्हणाले, तांबट, मी लढाईत एक गोळी झाडली नाही. माझ्या हातात कायम लगाम. लढाई संपली, जपान्यांना तारेच्या कुंपणात बसवलं, माझी पहाऱ्यावर नेमणूक झाली कारण खेचरं मेली होती. एक जपानी होता, हागवणीनं वाळलेला, त्यानं खुणा करून सांगितलं – द्यायच्या आधी फूल काढू दे. साहेबानं परवानगी दिली. चाळीस माणसांत एक कानस, तीही झिजलेली. तो सकाळी बसला, ऊन कललं तरी घासतोय. चार वेळा थांबला, उलटी केली, परत बसला. मी त्याला पाणी दिलं. शेवटी झालं तेव्हा त्यानं फुंकर मारून बारीक कीस उडवला, उभा राहिला, उभं राहता येत नव्हतं तरी राहिला, आणि दोन्ही हातांवर धरून बंदूक माझ्याकडं दिली. खेचरवाल्याकडं. मी साहेबाकडनं चिठ्ठी घेऊन तीच घरी आणली.

आणि मग अण्णा म्हणाले – हे तू लिहून ठेव, तुझ्या त्या चिठ्ठीपेक्षा बरं आहे – म्हणाले, मी बंदूक आणली नव्हती. बंदुकीचं मला काय करायचंय? मी ती घासलेली जागा आणली होती. घरी माळ्यावर ठेवायचो, अधूनमधून काढून अंगठा फिरवायचो, ओरखडे लागायचे. म्हणाले, त्याच्यात तू फूल भरलंस.

मी म्हटलं, अण्णा, मला माहीत नव्हतं. म्हणाले, माहीत नव्हतं ते झालं, आता काढ. त्याचे ओरखडे परत येणार नाहीत, ते मला कळतं, पण हे फूल नको. मुलाला मी सांगतो साफसफाईला दिलीय. मी म्हटलं काढतो. ठेवून गेले. आठवड्यानं कराडला परत गेले.

आता विचार – काढलंस का? विचार की. दिसतंय ना तुला समोर. कानस घेतली होती मी, तीन वेळा घेतली. टेकवली. आणि एवढं सुरेख फूल, पोरी. माझ्या हातनं झालेलं. मला वाटलं, म्हातारा काय परत बघायला येणार नाही. महिन्यानं तुझा बाप येऊन घेऊन गेला, तसंच. आणि अण्णांचा कराडहून फोन आला, माझ्या मोबाइलवर, कुणाकडनं तरी नंबर लावून घेतलेला. एकच विचारलं. झालं का? मी म्हटलं झालं. बरं वाटलं, म्हणाले. पुढच्या थंडीत गेले.

तर ही तुझी झटापट.

काय म्हणतेस? मराठीत म्हण. मी त्यांच्याशी खोटं बोललो – हो, बोललो, मग? तुझा बाप बोलला नाही? तू बोलणार नाहीस, अजून दहा मिनिटांनी, सही करून? मला एकट्याला कशाला धरतेस? आणि मी काय एकच केलं का, नऊ फुलं –

हो. नऊ. आलं तोंडातनं तर आलं. तुझ्या बापाची बंदूक त्या लोकांत फिरली, त्यातला एक हळूच आला, मग दुसरा. मी अण्णांनंतर आठ केली. त्यातल्या चार बंदुका हातोहात विकल्या जाऊन तुझ्या नीरव शेठकडंच आल्यात, त्याला पत्ता नाही, त्याच्या बावीसपैकी त्याच्या सगळ्यात लाडक्या. खून की खुशबू. मी त्यांच्याकडं बघून थुंकायचो मनातल्या मनात, आणि रात्री भिंग पुसून ठेवायचो, उद्या पुढची पाकळी. त्या आठांच्या जागा कुणी घासल्या होत्या, कशा, कुणी पाणी दिलं होतं – कोण सांगणार? विचारायला म्हातारे नाहीत, मी म्हटलं ना मघाशी, म्हातारा मेलेलाच लागतो यांना. मलाही तसाच लागायचा.

नाही. कानस खाली ठेव. मी नाही घासणार, आणि तू तर मुळीच नाही, तुझी नखं बघ. आता घासून काय होणार? ते तांबटचं घासणं होईल. त्या जपान्याचं होणार नाही. आधी त्याची जागा मोडली, मग खोटं फूल घातलं, आता वर खोटं घासणं – नीरव शेठ तर घासलेलीलाही एखादी चिठ्ठी शोधेल. असू दे फूल. केलंय ते केलंय.

तू असं कर. तो कागद घे. झटापटीवर काट मार. मार गं, छापील आहे म्हणून काय झालं, पेननं मार. आणि खाली लिही. इंग्लिशमध्येच लिही, त्याला ते लवकर कळतं. लिही – माझे आजोबा खेचरवाले होते. लिहिलं? ही बंदूक त्यांना एका कैद्यानं दिली, फूल घासून. आणि हे फूल – थांब, पाणी पितो – हे फूल रास अल खोरच्या तांबटनं कोरलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी. अण्णांनी काढ म्हटलं, त्यानं काढलं नाही. तेही लिही.

बापाला काय सांगायचं? सांग की म्हातारा बडबडला. लाज वाटेल त्याला, वाटू दे, खेचरं हाकण्याची वाटते त्यापेक्षा बरी. नीरव शेठ घेणार नाही – नाही घेणार, मग तुझ्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या खोलीत पलंगाखाली ठेव, रूममेटला सांग आजोबांची आहे. माझं? माझं काय व्हायचंय? त्याच्या चार बंदुका तो घरी जाऊन बघेल, अंगठा फिरवून फिरवून अंगठा झिजेल त्याचा. मग बाकीच्यांना फोन जातील. डिसेंबरपर्यंत दारात कुत्रं यायचं नाही. येऊ नये. पॉलिश मारून मारून कंटाळलोय मी यांच्या कहाण्यांना.

वाच. एकदा वाचून दाखव, माझं नाव आलंय का बघू. हं. इथं सही करू मी? मराठीत करतो, हळू करतो, घाई करू नकोस – अक्षर अजून बरं आहे की नाही? खाली तुझी कर. पूर्ण नाव लिही, मिहिका विजयकुमार, नुसतं एम नको.

ही त्याचीच गाडी. पांढरी. तू मध्ये बोलायचं नाहीस. उभी राहा तिकडं, दाराशी.

या शेठ, आइए, बैठिए. नाही – हातमोजे राहू द्या खिशात. बंदूक नंतर. पहले कागज पढ़िए.